गाडी बंद पडली तर बिल कोण भरणार?
ब्रेकडाऊन कव्हर घेण्यापूर्वी करावयाचा हिशोब

लहान व्यापाऱ्याच्या घरची गाडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. माल पोहोचविणे, वसुलीला जाणे, बाजारातून खरेदी आणणे, ही सर्व कामे तिच्यावर चालतात. अशी गाडी घेताना किंवा तिचा विमा नवा करताना शोरूममधील माणूस एक कागद पुढे करतो आणि सांगतो, "साहेब, एवढे पैसे जादा भरा, गाडी बंद पडली तरी तुम्हाला काळजी नाही." गिऱ्हाईक सही करते. पुढे दोन वर्षांनी गाडी खरोखरच बंद पडते, तेव्हा कळते की कंपनी गाडी ओढून गॅरेजपर्यंत आणून देणार, पण गॅरेजचे बिल मात्र आपणच भरावयाचे आहे.

येथे कोणी खोटे बोललेले असतेच असे नाही. एकाच नावाखाली तीन-चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि घेणाऱ्यास त्यातील फरक ठाऊक नसतो. तो फरक काय, आणि पैसे भरणे कोणास परवडते, याचा आम्ही या लेखात विचार करणार आहोत.

नेहमीच्या विम्यात काय मिळते?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यातून आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल ते भरून मिळते, आपल्या गाडीचे नाही. आपल्या गाडीसाठी जी सर्वसमावेशक पॉलिसी घेतली जाते, तिच्यात अपघात, आग, चोरी, पूर, दंगल इत्यादी कारणे येतात. पुष्कळांची समजूत अशी की या पॉलिसीत सर्व काही आले. परंतु याच पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की झीज, घसारा, यांत्रिक किंवा विजेच्या भागातील बिघाड, तसेच त्यामुळे ओघाने होणारे नुकसान यांची जबाबदारी कंपनीवर नाही.

म्हणजे झाडावर आदळून रेडिएटर फुटला तर दावा करता येतो. तोच रेडिएटर जुना होऊन गळू लागला तर एक रुपयाही मिळत नाही. 'झिरो डेप' नावाचे कव्हर घेतले तरी यात फरक पडत नाही. अपघाताच्या दाव्यात रबर, प्लास्टिक व बॅटरी यांची जी 50 टक्के रक्कम घसाऱ्यापोटी कापली जाते, ती वाचविण्यापुरताच त्याचा मुख्य उपयोग. टायर, ट्यूब व बॅटरी त्यातून वगळलेल्या आहेत की नाहीत हेही पाहून घ्यावे.

ब्रेकडाऊनच्या नावाने विकली जाणारी तीन कव्हरे

1) रस्त्यावरील मदत. ही कल्पना नवी नाही. मुंबईत 1919 साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने आपल्या सभासदांना अशी मदत दिलेली आहे. आज विमा कंपन्या व गाडी बनविणाऱ्या कंपन्याही ती विकतात. यात टोईंग, दुसऱ्या बॅटरीने गाडी चालू करून देणे, आपली स्टेपनी बसवून देणे, किल्ली आत राहिल्यास दार उघडणे अशी कामे येतात. टोईंगच्या अंतरास व वर्षात किती वेळा मदत मिळेल यास मर्यादा असते. सुट्या भागांची किंमत आणि गॅरेजची मजुरी मालकानेच द्यावयाची. हे कव्हर स्वस्त असते ते याच कारणाने.

2) इंजिन प्रोटेक्शन. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई व उपनगरांत असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा वेळी पाण्यात उभ्या गाडीचा सेल्फ मारला की इंजिनात पाणी ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हे नुकसान पुराचे की मालकाने सेल्फ मारल्याचे, असा वाद उभा राहतो. हा धोका इंजिन प्रोटेक्शनमध्ये घेतलेला असतो. परंतु साधी झीज होऊन इंजिन कामाला आले तर तेही पैसे देत नाही. भिवंडी, कुर्ला, महाड, चिपळूण अशा पाणी भरणाऱ्या ठिकाणी गाडी उभी राहत असेल तर याचा विचार जरूर करावा.

3) जादा वॉरंटी. बिघडलेला भाग बदलून देणारे व मजुरी भरणारे कव्हर ते हेच. कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यानंतर ते सुरू होते. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये आपली मूळ वॉरंटी 3 वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटर केली आणि पैसे भरून ती 6 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत वाढविता येईल असे जाहीर केले. वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे वॉरंटी संपते. रोज 150 किलोमीटर चालणारी गाडी दोन वर्षांच्या आतच लाखाचा टप्पा ओलांडते, हे धंद्याच्या गाडीवाल्याने विसरू नये.

बिलातील कोणती ओळ कोण भरणार?

जादा वॉरंटी घेणाऱ्याने आपल्या गॅरेजची जुनी बिले काढून समोर ठेवावीत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, ऑइल, टायर, बॅटरी या वस्तू वापराने झिजणाऱ्या आहेत. त्या बहुधा वॉरंटीच्या बाहेर असतात, किंवा त्यांना फार थोड्या मुदतीचे संरक्षण असते. तीन ते सहा वर्षांच्या साध्या गाडीच्या बिलात मोठा भाग याच वस्तूंचा दिसेल. वॉरंटीचा खरा उपयोग एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टिअरिंगची मोटर, गिअरबॉक्स, इंजिनाचा कॉम्प्युटर असे महाग भाग अचानक गेल्यावर होतो.

आता आकडा मांडू. समजा, दोन वर्षांच्या जादा वॉरंटीस 12,000 रुपये पडतात आणि ज्या बिघाडाची भीती आहे त्याचे बिल 30,000 रुपये आहे. 12,000 ला 30,000 ने भागले की 0.4 येतात. म्हणजे अशा शंभर गाड्यांपैकी चाळीस गाड्यांत दोन वर्षांत हा बिघाड होणार असेल तर हिशोब बरोबरीत सुटतो. आपल्या ओळखीच्या मेस्त्रीला विचारावे, "या मॉडेलच्या शंभर गाड्यांत हे काम किती गाड्यांना निघते?" तो दहा म्हणाला, तर 12,000 रुपयांच्या बदल्यात सरासरी 3,000 रुपयांचाच माल हाती येतो.

वॉरंटी विकणाऱ्यास जमा रकमेतून दावे, विक्रेत्याचे कमिशन, कचेरीचा खर्च व स्वतःचा नफा काढावयाचा असतो. त्यामुळे सर्व घेणाऱ्यांना मिळून, भरल्यापेक्षा कमीच परत मिळणार हे उघड आहे. मग घ्यावयाचे कशासाठी? जो फटका एकदम बसला तर दुकानाचे भांडवल मोडावे लागेल, तो टाळण्यासाठी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेली महाग गाडी कर्ज काढून घेतली असेल आणि हाताशी शिल्लक नसेल, तर जादा वॉरंटी घेणे शहाणपणाचे ठरते. साधी मॅन्युअल गाडी असेल आणि तीस-चाळीस हजार रुपये वेळेला उभे करता येत असतील, तर ती न घेतल्याने बिघडत नाही.

धंद्याच्या गाडीचे खरे नुकसान

टेम्पो, टॅक्सी किंवा पिकअप चालविणाऱ्याचे नुकसान गॅरेजच्या बिलावर संपत नाही. समजा, खर्च वजा जाता रोज 1,500 रुपये सुटतात आणि पार्टची वाट पाहत गाडी आठ दिवस उभी राहिली, तर 12,000 रुपयांची कमाई बुडाली. बँकेचा हप्ता तर चालूच राहतो. नेहमीची पॉलिसी, रस्त्यावरील मदत किंवा जादा वॉरंटी यांतून ही बुडालेली मजुरी मिळत नाही. शिवाय खाजगी वापरासाठी दिलेली वॉरंटी गाडी भाड्याने चालविल्यास नाकारली जाऊ शकते. म्हणून अशा मालकाने कव्हर घेतले तरी दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

महिना 1,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकल्यास दोन वर्षांत व्याज सोडून 24,000 रुपये होतात. यातून टायरही घेता येतात, क्लचही टाकता येतो आणि काही बिघडले नाही तर पैसा आपलाच राहतो. अडचण एवढीच की बिघाड दुसऱ्याच महिन्यात झाला तर खात्यात 2,000 रुपयेच असतील. यावर एक उपाय आहे. एकाच स्टँडवरील दहा गाडीवाल्यांनी महिना 500 रुपये जमा केले तर वर्षाला 60,000 होतात. कोणत्या कामास किती रक्कम द्यावयाची हे आधी लिहून ठेवावे, हिशोब दोघांच्या सहीने राहावा आणि वर्षाअखेर तो सर्वांपुढे वाचावा. नियम तोंडी राहिले तर पहिल्याच मोठ्या बिलावर भांडण होते.

ऐच्छिक विम्याबाबत आमच्या अनेक वाचकांना शरीअतच्या दृष्टीनेही प्रश्न पडतो. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1985 मध्ये ठराविक हप्त्याच्या व्यापारी विम्यात 'गरर' असल्याचे सांगून तो नामंजूर केला आणि परस्पर सहकार्याच्या तत्त्वावरील विम्यास मान्यता दिली. कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्याची गोष्ट वेगळी आहे. ऐच्छिक कव्हरासंबंधी ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांस विचारावे.

सही करण्यापूर्वी हे पाहावे

* रस्त्यावरील मदत गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळालेली आहे काय? असल्यास विम्यात तीच पुन्हा विकत घेऊ नये.
* वगळलेल्या भागांची यादी लेखी मागावी. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनास किंमत नाही.
* ठरलेल्या किलोमीटरवर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिसिंग करण्याची अट असते. पक्की बिले जपून ठेवावीत.
* बाहेरून सीएनजी किट बसविल्यास किंवा वायरिंग कापल्यास वॉरंटी राहते काय, हे विचारावे.
* तापमानाचा काटा वर गेल्यावर किंवा ऑइलचा दिवा लागल्यावर गाडी पुढे रेटू नये. त्यामुळे वाढलेले नुकसान कंपनी नाकारते.
* गाडी विकल्यास वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते काय? होत असल्यास गाडीला चार पैसे जास्त मिळतात.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर प्रथम कंपनीकडे व नंतर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत आणि तेथे फी नाही. वॉरंटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी सांगितल्यास घाबरून जाऊ नये. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच जो गाडी चालवितो, त्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 ग्राहक मानतो.

तात्पर्य, रात्री-अपरात्री लांबचा प्रवास करणाऱ्याने रस्त्यावरील मदत जवळ ठेवावी, पाणी भरणाऱ्या भागातील मालकाने इंजिन प्रोटेक्शन पाहावे, आणि महाग गाडीच्या मालकाने मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी जादा वॉरंटीचा हिशोब करावा. बाकीच्यांनी तोच पैसा दुरुस्तीच्या खात्यात नियमाने टाकणे आमच्या मते अधिक फायद्याचे आहे.