तितिक्षा की हट्ट?

आजचं वाचन : भगवद्गीता २.१४ आणि १७.१९

थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोसायला शीक, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. या सोसण्यालाच तितिक्षा म्हणतात.

डिसेंबरमधल्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रासाठी मी सध्या मुळशीत सराव करतोय. अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही लांब शर्यत. आश्विनात ताम्हिणीकडच्या डोंगरांत पाऊस सरलेला असतो, पण ऑक्टोबर हीटचे चटके बसतात. उतारावर घसारा, आणि चढ असा की मुरलेले धावपटूही चक्क चालतात. मांड्या भरून येतात, मन म्हणतं, बस झालं! तिथे २.१४ उपयोगी पडतो. ही दमणूक आली तशी जाईल. थोडं पाणी पी, वेग कमी कर, चालत राहा.

पण छातीत दुखलं, चक्कर आली, गुडघ्यात कळ उठली तर? तेव्हा श्लोक आठवून पळत राहणं ही तितिक्षा नव्हे. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देत केलेलं तप तामस, असं १७.१९ सांगतो. अशा वेळी थांबून मदत मागणं हीच साधना.

मित्रांनो, आपले निर्जळी उपवास, रात्र-रात्र जागून केलेला जप, यांनाही हीच कसोटी लावा. शरीर देवाने दिलंय, ते मोडून त्यालाच काय अर्पण करणार?

आजचा प्रश्न : मी जे सोसतोय ते मला घडवतंय, की फक्त माझा अहंकार जपतंय?

देवा, सोसायचं बळ दे आणि थांबायची बुद्धीही दे.

राम कृष्ण हरी!