दीड जीबीचा हिशेब लेकरांसमोर मांडा

आई-बाबांनो, मोबाइलच्या वेडाबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. मला आज टीव्हीच्या मागे खोचलेल्या त्या बोटभर स्टिकबद्दल बोलायचं आहे, आणि तिला लागणाऱ्या नेटबद्दल. आपल्या छत्रपती संभाजीनगरात बजाजनगरच्या भाड्याच्या दोन खोल्यांपासून सिडकोतल्या बंगल्यांपर्यंत ही स्टिक पोचली आहे. स्टिक सगळीकडे सारखीच, नेट मात्र घरागणिक वेगळं. कुठे फायबरची वायर, कुठे गच्चीवर एअरफायबरचा डबा, आणि पुष्कळ घरांत पप्पांच्या फोनचा हॉटस्पॉट. संध्याकाळची कुरबूर होते ती बहुतेक या हॉटस्पॉटच्या घरांत, म्हणून आधी त्यांच्याशीच बोलते.

बऱ्याच रिचार्जमध्ये रोजचा दीड जीबी मिळतो. फोनवर मेसेज, थोडे व्हिडिओ, एखादा कॉल एवढ्यात दिवस निघतो. तोच दीड जीबी टीव्हीला दिला की काय होतं ते बघा. नेटफ्लिक्सनं स्वतः दिलेले आकडे आहेत: एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत, मध्यम दर्जाला ०.७ जीबी आणि सगळ्यात कमी दर्जाला ०.३ जीबी. म्हणजे एचडीत आपला दिवसाचा कोटा अर्ध्या तासात साफ. मध्यम दर्जात तोच दोन तास पुरतो. यातला फरक फक्त एका सेटिंगचा आहे, आणि ते सेटिंग बहुतेक घरांत कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

कोटा संपल्यावर नेट पूर्ण बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं एक जीबी उतरायला सुमारे ३५ तास लागतात. टीव्हीवर गोल फिरत राहतं. पण त्याच वेळी मोठ्या लेकीला शाळेच्या ग्रुपवर आलेली पीडीएफ उघडत नाही, आणि गावाकडच्या आजीचा व्हिडिओ कॉल लागत नाही. धाकट्याच्या कार्टूननं ताईचा अभ्यास अडवला, असं घरात होऊन बसतं. मग धाकटा रडतो, ताई चिडते, आणि दोघांनाही नेमकं काय झालं ते कळलेलं नसतं.

इथेच मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे. अशा वेळी आपण लेकरांना काय सांगतो? "नेट गेलं." किंवा हॉटस्पॉट हळूच बंद करतो आणि म्हणतो, "टॉवर नाहीये आज." वेळ निभावते. पण चार-पाच वर्षांचं मूलही दोन-तीनदा पाहिलं की ओळखतं, की नेट पप्पांच्या मर्जीनं जातं आणि येतं. त्यानंतर ते हिशेब शिकत नाही, मर्जी सांभाळायला शिकतं. पप्पा खुशीत असले की मागायचं, मम्मी कामात असली की फोन उचलायचा. मर्यादा खरी असताना ती खोट्याच्या आड का लपवायची?

आपल्या शहरातल्या लेकरांना मर्यादा समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. नाथसागर जलाशयातलं पाणी इथल्या नळांना काही दिवसांआड येतं. आपल्या गल्लीत पाणी कधी सुटणार, टाकी किती भरली, आज अंगण धुवायचं की नाही, हे सात वर्षांच्या पोरीलाही पाठ असतं. ते तिला कुणी उपदेश करून शिकवलेलं नाही. पाण्याचा सगळा व्यवहार तिच्या डोळ्यांसमोर होतो, हंडा भरायला ती स्वतः उभी राहते, म्हणून तिला ते माहीत आहे. डेटाचा व्यवहार मात्र आपण फोनच्या आत कोंडून ठेवला आहे. तो बाहेर काढा.

कसा काढायचा? रोजच्या डेटापैकी निम्मा संपला, मग ९० टक्के संपला, असे मेसेज कंपनी पाठवते. ते मेसेज पप्पांच्या फोनवर येतात आणि तिथेच पडून राहतात. ते मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिता, त्याच चौकोनात रात्री त्या दिवशीचा वापर लिहा, आणि लिहायचं काम थोरल्या लेकराकडे द्या. दहा वर्षांच्या मुलाला दशांश अपूर्णांक शाळेत येतात. दीड वजा ०.७ किती उरले, हे त्याला आवडत्या कार्टूनसाठी काढू द्या. आठवडाभरात घरातला सगळ्यात कडक हिशेबनीस तोच होतो, आणि तुमचे रील्स किती जीबी खातात तेही तोच विचारतो. विचारू द्या. त्या प्रश्नावर रागावलात तर पुढचा हिशेब बंद पडेल.

एक जुनी सवय मात्र मोडावी लागेल. रोजचा डेटा रात्री बारा वाजता संपतो आणि नवा सुरू होतो. त्यामुळे अकराच्या सुमाराला घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "अजून अर्धा जीबी शिल्लक आहे, वाया जाईल." मग एक भाग लागतो, त्यामागून दुसरा आपोआप सुरू होतो, आणि सकाळी सातच्या शाळेला जायचं लेकरू बारापर्यंत जागं राहतं. उरलेला डेटा न वापरल्यानं तुमच्या खिशातून एक रुपयाही जास्त जात नाही. लेकराची झोप मात्र जाते. कंपनीनं ठरवलेली वेळ घराच्या झोपेची वेळ होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. शिल्लक राहू द्या.

वाळूजच्या कारखान्यांत पाळीनं जाणाऱ्या घरांची अडचण आणखी वेगळी. हॉटस्पॉटचा फोन पप्पांच्या खिशात, आणि पप्पा दुसऱ्या पाळीला. दुपारी तीनपासून रात्री उशिरापर्यंत घरातली स्टिक नुसती दिवा लावून बसते. मग मम्मीच्या फोनचा डेटा ओढला जातो आणि तिच्या बचत गटाच्या ग्रुपवरचा फोटोही उघडत नाही. अशा घरात कोणत्या सिमनं टीव्ही चालवायचा आणि कोणतं सिम अभ्यासाला राखायचं, हे आधीच ठरलेलं बरं. टीव्ही चालवायचं सिम शक्यतो घरातल्या बाईचं नसावं. तडजोड दर वेळी तिनंच का करायची?

महिन्यातून चार-पाच वेळा छोटे डेटा पॅक मारत असाल तर त्यांची बेरीज एकदा कागदावर करा. २०२० मध्ये जिओफायबरनं ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना आणला, जीएसटी धरून तो ४७१ रुपयांना पडत होता. त्याच्या आसपासच्या दरानं इतर कंपन्याही जोडणी देतात. तुमच्या गल्लीत आज काय दर आहे ते विचारून घ्या. घरमालक वायर ओढू देत नाही, दर दोन वर्षांनी खोली बदलावी लागते, या अडचणी मला माहीत आहेत. पण कित्येकदा छोट्या पॅकांची बेरीज त्या रकमेच्या जवळ गेलेली असते आणि आपण ती कधी केलेलीच नसते.

५जी अनलिमिटेड आहे ना, असं काही जण म्हणतील. जुलै २०२४ पासून मोठ्या दोन्ही कंपन्यांनी ती सोय दररोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरती ठेवली. फोन ५जी हवा, टॉवरही ५जी हवा. आतल्या खोलीत फोन ४जीवर उतरला की मोजणी सुरू झाली, आणि टीव्ही बघणाऱ्याला ते कळतही नाही.

आता सेटिंगचं. हे काम एका बैठकीत होतं, लेकरांना शेजारी बसवूनच करा. फायर टीव्ही स्टिकमध्ये सेटिंग्जच्या प्रेफरन्सेसमध्ये डेटा मॉनिटरिंग आहे. तिथे चित्राचा दर्जा गुड, बेटर, बेस्ट असा निवडता येतो, गुड ठेवा. किती डेटा झाला की इशारा द्यायचा, तेही तिथेच ठरवता येतं. गूगलनं २०२० मध्ये अँड्रॉइड टीव्हीसाठी डेटा सेव्हर आणला, तो मोबाइल हॉटस्पॉटवर टीव्ही बघणाऱ्या आपल्यासारख्या घरांचा विचार करूनच. तुमच्या टीव्हीत तो आहे का, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पाहा. नेटफ्लिक्समध्ये प्रत्येक प्रोफाइलला डेटाचा दर्जा वेगळा ठेवता येतो. लेकरांच्या प्रोफाइलला मध्यम किंवा कमी ठेवा आणि पुढचा भाग आपोआप लागायची सोय बंद करा. यूट्यूबवर व्हिडिओ लावल्यावर दर्जा ४८०पी करा. बत्तीस इंची टीव्हीवर, पलंगावर बसून कार्टून बघणाऱ्या लेकराला ४८०पी आणि एचडीतला फरक फारसा जाणवत नाही.

आणखी एक. रिमोटनं टीव्ही बंद केला म्हणजे स्टिक बंद झाली असं नाही. स्टिकला स्वतःचा चार्जर असतो. पडदा काळा झाला तरी पुष्कळदा व्हिडिओ आत चालूच राहतो आणि डेटा जात राहतो. आधी होमचं बटण, मग टीव्ही बंद, ही सवय लेकरांना लावा. ती त्यांना लगेच लागते, मोठ्यांनाच वेळ लागतो.

कमी दर्जाचं चित्र म्हणजे कमीपणा, असं लेकरांना वाटू देऊ नका. मार्च २०२०चा लॉकडाउन आठवा. सगळा देश घरात बसला, नेटवर ताण आला, तेव्हा भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनीच एकत्र ठरवून मोबाइल नेटवर्कवर चित्र ४८०पीच्या वर जाऊ दिलं नाही. मोबाइल नेटवर बघणाऱ्या श्रीमंत-गरीब सगळ्यांनी तेच चित्र पाहिलं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये एमकेसीएलची 'टिलीमिली' मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या घरात एकच फोन होता आणि त्यात डेटा नव्हता, त्या घरातल्या लेकरांपर्यंतही ती पोचू शकत होती, कारण डिशच्या छत्रीवरून येणाऱ्या वाहिनीला डेटा लागत नाही. घरात दहा जण बसून बघा, दिवसभर बघा, एक एमबीसुद्धा जात नाही.

म्हणून जुनी डिश काढून भंगारात देऊ नका. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, एकदा छत्री आणि डबा घेतला की झालं. आजीचं कीर्तन, बातम्या, सह्याद्रीचे कार्यक्रम, पीएम ई-विद्याच्या शिक्षणाच्या वाहिन्या तिच्यावर येतात. क्रिकेटचं तर मुद्दाम सांगते: आयपीएलचा एक सामना साडेतीन तासांचा धरला तर एचडीत स्टिकवर, वरच्याच हिशेबानं, साडेदहा जीबीपर्यंत जातात. डिशवर किंवा केबलवर तो दिसत असेल तर स्टिकला हात लावू नका, आणि बाबांनो, हे वाक्य लेकरांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुमच्या सामन्यानं दिवसाचा डेटा संपला आणि लेकीला तिचा गणिताचा व्हिडिओ उद्यावर ढकलावा लागला, तर घरात कुणाचं महत्त्वाचं ते तिनं ओळखलं. तोंडानं तुम्ही नंतर काहीही सांगा.

फायबरच्या घरांशी थोडंच बोलते. तुमच्या अनलिमिटेड प्लॅनलाही बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. पण एचडीत टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला तरी महिन्यात २१६० जीबीच होतात. म्हणजे तुमच्या घरात डेटा कधीच "पुरे" म्हणणार नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल. एअरफायबरला बऱ्याच प्लॅनमध्ये १००० जीबी असतात. फोर-के टीव्हीवर ते दिवसाला पाच तासही पुरत नाहीत, तेव्हा तिथे दर्जा खाली आणणं हाच उपाय. आणि डेटा कितीही असो, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. हॉटस्पॉटच्या घरात कोटा संपला की पडदा थांबतो. फायबरच्या घरात तो थांबवायला माणूस लागतो, आणि जेवण भरवताना टीव्ही लावायची सवय जडली असेल तर ते काम फार अवघड जातं. माझ्या मते ज्या घरात डेटा मोजून मिळतो, त्या घराला लेकरांना वळण लावायची संधी जास्त आहे, फक्त ती भांडणात घालवू नये.

या रविवारी सगळे घरी असताना टीव्हीसमोर बसा, पण टीव्ही लावायच्या आधी बोला. आपल्याला रोज किती डेटा मिळतो, तो कुठे जातो, ते लेकरांना स्पष्ट सांगा. अभ्यासाचा वाटा आधी बाजूला काढा. उरलेल्यात कोण काय बघणार ते लेकरांनाच ठरवू द्या, त्यात मुलगा-मुलगी असा फरक होऊ देऊ नका, आणि आजी-आजोबांना विसरू नका. ठरलेलं मग तुम्हीही पाळा.