कॉम्प्युटर नाही मिळालं तर? पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा विचार करा

इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की वसई-विरारमधल्या घराघरांत एकच धास्ती असते: कॉम्प्युटर नाही मिळालं तर? इलेक्ट्रिकल म्हणजे तडजोड, असं पालक गृहीत धरतात. ज्या मुलाला फिजिक्सही आवडतं आणि कोडिंगही, त्याच्यासाठी मात्र ही तडजोड नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याच्या दोन्ही आवडींना काम मिळतं.

हे काम नेमकं काय?

उदाहरण आपल्या विरार लोकलचंच घेऊ. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी होतं. २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंतचा संपूर्ण मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आला. तारेतली ही वीज गाडीतला ट्रान्सफॉर्मर खाली आणतो, कन्व्हर्टर तिचं डीसी करतो आणि इन्व्हर्टर त्यातून मोटारीला हवी तशी, बदलत्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज वीज तयार करतो. ब्रेक लागला की मोटार जनरेटर होते आणि वीज तारेत परत जाते. जुन्या डीसी गाड्यांमध्ये हीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जायची.

हा सगळा खेळ आयजीबीटी नावाच्या स्विचचा. समजा, एखाद्या कन्व्हर्टरमधला स्विच सेकंदाला १० हजार वेळा चालू-बंद होतो. मग एका फेरीला मिळतात फक्त १०० मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरने करंट मोजायचा, गणित सोडवायचं आणि पुढचा आदेश द्यायचा. एका लेगमधले, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या जोडीतले, वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच एकदम चालू झाले, तर थेट शॉर्ट सर्किट. म्हणून मध्ये क्षणभराचा ‘डेड टाइम’ ठेवतात. ऊर्जेची गळती कमी कशी करायची, सिलिकॉन कार्बाइडचे वेगवान स्विच कसे हाताळायचे, सोलर इन्व्हर्टर वाढले तरी ग्रिड स्थिर कसा ठेवायचा, यावर आज संशोधन चालू आहे.

वाट कशी?

दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेता येतं. माटुंग्याचं व्हीजेटीआय रोज लोकलने गाठता येईल असं आहे. पुढे गेट परीक्षा देऊन एम.टेक.; पवईच्या आयआयटीत या विषयाची खास शाखा आहे. गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना सरकारी संस्थांत साधारणपणे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत ज्युनियर रिसर्च फेलोशिप दरमहा ३७,००० रुपयांची आहे.

नोकरी कुठे?

रेल्वेची उपकरणं, ईव्ही चार्जर, सोलर इन्व्हर्टर, यूपीएस, कारखान्यांतले ड्राइव्ह. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांमधल्या मोटारींचा वेग सांभाळायलाही ड्राइव्हच लागतो. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असू शकतो, हे आधीच समजून घ्या. इथे हात बसायला वर्षं लागतात, पण बसलेला हात सहजासहजी मिळत नाही, म्हणून त्याची किंमत वाढत जाते.

आत्तापासून काय करावं?

सी भाषा आणि कंट्रोल सिस्टिम पक्की करा. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा छोटा बक कन्व्हर्टर स्वतः जोडा आणि मायक्रोकंट्रोलरने चालवा. जास्त व्होल्टेजला शिक्षकांशिवाय हात लावू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

पालकांनी कॉलेज पाहायला जाताना प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर प्रयोगशाळाही पाहावी. ऑसिलोस्कोप मुलं स्वतः वापरतात की लांबून पाहतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. या उत्तरावर शाखा आणि कॉलेज दोन्ही ठरवता येतील.