स्वस्तात केलेलं काम आणि परत आलेलं काम: जुनी वॅगन खाली बसवण्याचा हिशोब

व्हिडिओत फळ्यावर जो हिशोब मांडला, तो इथे सविस्तर लिहून देतोय. तुमचं गॅरेज नसलं तरी वाचा. केटरिंग असो की फर्निचर, "एवढ्यातच करून द्या ना भाऊ" हे प्रत्येक धंदेवाल्याला ऐकावं लागतं.

पडेगावात दुकान टाकून मला चार महिने झाले होते. भाडं थकलेलं, रॅम्प रिकामा. अशात एक गिऱ्हाईक जुनी ऑक्टेव्हिया कॉम्बी घेऊन आलं. ऑक्टेव्हिया म्हणजे आपल्या शहराची ओळखीची गाडी. २००१ पासून ती शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायला लागली. कॉम्बी म्हणजे तिचीच लांब डिकीवाली स्टेशन वॅगन. "भाऊ, दोन इंच खाली बसवा. बजेट चार हजार."

मी हो म्हणालो. ग्राइंडरने चारही स्प्रिंग कापल्या, गाडी खाली बसली. दिसायला झकास! ६०० रुपये खर्च, ३,४०० सुटले. फोटो स्टेटसला टाकला.

पाच आठवड्यांनी गाडी परत आली. घरचे पाच जण वेरूळला जाऊन आले होते. प्रत्येक खड्ड्यात मागून दणका, पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते, टायर आतल्या बाजूने खाल्लेले. मागच्या सीटवर त्यांची आई होती. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, फक्त कमरेला हात लावून उतरल्या. मला तेवढं पुरे झालं.

परत आलेल्या कामाचा हिशोब

- चार नवीन मूळ मापाच्या स्प्रिंग: १०,०००
- पुढचे दोन शॉकअप: ७,०००
- अलाइनमेंट: १,०००

एकूण १८,०००, तेही माझ्या खिशातून. आधी सुटलेले ३,४०० वजा केले तरी १४,६०० चा खड्डा. दोन दिवस रॅम्प अडकला तो वेगळाच. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर चांगला गेला होता माझा, पण कॉस्टिंग खरं शिकलो ते त्या दिवशी.

चूक नेमकी कुठे झाली?

*एक, स्प्रिंग.* वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. सहा कामाचे वेढे असतील आणि एक कापला, तर कडकपणा २० टक्के वाढतो. वर चाकाला हलायला जागा कमी उरते, म्हणून दणका बसतो. कापलेली स्प्रिंग आखूड असते, त्यामुळे चाक खाली लोंबलं की ती बैठकीतून सुटू शकते. काही जण गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. ते तर कधीच करू नका. पोलादाचं पाणी उतरतं.

*दोन, वॅगनचा स्वभाव.* ही गाडी मागे सामान भरण्यासाठी असते. रिकाम्या गाडीवर माप घेऊन चालत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

*तीन, रस्ता.* समजा रिकाम्या गाडीच्या पोटाखाली १४ सेमी जागा आहे. ४ सेमी खाली केली, उरले १०. पाच माणसं आणि सामानाने अजून ४ गेले, उरले ६. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीड ब्रेकर १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्यावर पूर्ण चढली, की पोटाखाली साधारण साडेचार सेमी उंचवटा येतो. म्हणजे मापातल्या ब्रेकरवरसुद्धा जेमतेम दीड सेमी शिल्लक. आणि आपल्या गल्लीतले ब्रेकर मापात असतात का, ते तुम्हीच सांगा!

मग बजेटमध्ये बरोबर काम कसं करायचं?

१. आधी मोजा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप लिहा. जुन्या गाडीच्या स्प्रिंग आधीच बसलेल्या असतात. कधी कधी गाडी वाकडी दिसते म्हणून गिऱ्हाईकाला "खाली" हवी असते.

२. कायदा सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनासारखा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए प्रमाणे, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आधी आरटीओत लेखी विचारायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. उत्तर "नाही" आलं, तर काम तिथेच थांबलं.

३. एकदाच खोला. शॉकअप, वरचं माउंट, बंप स्टॉप, बुश, स्प्रिंग हे सगळं एकाच वेळी बदललं तर मजुरी एकदाच लागते. खरी बचत इथे आहे. स्प्रिंग त्या गाडीच्या वॅगनसाठीच बनवलेली घ्या, सेडानची नको. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, नाहीतर बुश पिळले जाऊन लवकर फाटतात.

४. शेवटचं काम बिलात धरा. अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत, आणि घरच्या सगळ्यांना बसवून एक चक्कर.

नमुना कोटेशन (आकडे उदाहरणाचे आहेत, भाव तुमच्या बाजारात काढा): स्प्रिंग सेट १६,०००, चार शॉकअप १४,०००, माउंट-बुश ४,०००, मजुरी ५,०००, अलाइनमेंट-हेडलाइट १,०००. एकूण ४०,०००. त्यावर ५ टक्के राखीव धरा, म्हणजे ४२,०००.

"भाऊ, कुठे चार हजार अन् कुठे बेचाळीस!" असं ऐकून माणूस निघून जाईल. जाऊ द्या. मागच्या वर्षी असंच एक गिऱ्हाईक जुनी इंडिगो मरिना घेऊन आलं. मी माप घेऊन दाखवलं: मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन सेमी खाली होती. खाली करायचा विषयच संपला. मूळ मापाच्या स्प्रिंग आणि शॉकअप टाकले, गाडी सरळ उभी राहिली. ते अजून सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येतात.

गल्ला रिकामा असताना "नाही" म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. पण गिऱ्हाईकाचं बजेट आणि कामाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीतला फरक तुम्ही सांगितला नाही, तर तो तुम्हालाच भरावा लागतो.

गृहपाठ: तुमच्याकडे परत आलेलं एक काम आठवा. त्याचा पूर्ण खर्च वहीत मांडा, आणि पहिल्या दिवशी खरा दर किती सांगायला हवा होता तो खाली लिहा. पुढचं कोटेशन द्यायच्या आधी ते पान उघडून बघा.