ताडाची नीरा आणि कमला सोहोनी

आपल्या भाईंदर-उत्तनच्या परिसरातील ताडाचा ताजा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तिच्यातील पोषक द्रव्यांचा शास्त्रीय अभ्यास कमला सोहोनी यांनी मुंबईच्या विज्ञानसंस्थेत केला. याच विदुषींना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत, केवळ स्त्री म्हणून, संचालक रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्या मागे सरल्या नाहीत; वर्षभर परीक्षाधीन राहून त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली आणि इतर मुलींसाठीही ते द्वार उघडले. पुढे केंब्रिज येथे, पेशींच्या श्वसनास आवश्यक असे सायटोक्रोम-सी त्यांना बटाट्यात आढळले; १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या. पालकहो, कन्येने प्रयोगशाळेचा हट्ट धरल्यास तो अवश्य पुरवावा.