बॉनेटखालची उष्णता : एक अभ्यासपाठ

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने इंजिनाच्या उष्णतेवर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची आजची उपजीविका पाहिली, तर हा विषय परका वाटणार नाही. कोणी शीळफाट्याकडे गॅरेजात फिटर आहे, कोणी प्रवासी गाडी चालवितो, कोणी कर्ज काढून जुनी जीप घेतली आहे. ज्या घराचा हप्ता गाडीवर चालतो, त्या घरात गाडी म्हणजे शेतीच. तिच्या बॉनेटखाली काय घडते, हे त्या घरातील सर्वांनी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

हा पाठ एका मर्यादित प्रश्नापुरता आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांचा मूळ बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्या जागी बाजारातून आणलेला पोलादी नळ्यांचा मॅनिफोल्ड बसविण्याची हौस तरुण मंडळींत दिसते. गॅरेजच्या भाषेत याला 'हेडर' म्हणतात. हेडर बसविण्यास एखादा दिवस पुरतो. त्यानंतर बॉनेटखाली जी उष्णता पसरते, तिची व्यवस्था करण्याचा विचार मात्र बहुधा मागाहून, काहीतरी वितळल्यावर होतो.

हेडरचे पूर्वज आपल्याच रुळांवर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली आणि १ मे १८५४ पासून हा मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. दिव्याच्या भूमीवरून वाफेची इंजिने धावू लागली ती तेव्हापासून. त्या इंजिनांत एक साधी पण विलक्षण योजना होती. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ अरुंद तोटीतून धुराड्यात वर सोडली जाई. ती वेगाने निघताना आपल्यामागे धूर ओढून नेई, धूर निघाला की भट्टीत ताजी हवा शिरे आणि आग अधिक प्रज्वलित होई. स्टीफन्सनच्या १८२९ सालच्या 'रॉकेट' इंजिनातही हीच युक्ती होती. टाकाऊ वाफेकडून उपयोगाचे काम करून घेण्याचा तो मार्ग होता.

हेडर त्याच तत्त्वावर चालतो. चार सिलिंडरांतून जळालेला वायू एकामागून एक ठोक्यांनी बाहेर पडतो. मूळ मॅनिफोल्डमध्ये हे चारही प्रवाह आखूड व ओबडधोबड वाटेने एकत्र येतात आणि एकमेकांस अडवितात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, लांब नळी असते. एका नळीतील ठोका पुढे सरकला की त्याच्यामागे दाब कमी होतो व पुढच्या सिलिंडरातील वायू बाहेर खेचला जातो. इंजिन थोडे मोकळा श्वास घेते. लाभ एवढाच, आणि तोही विशिष्ट वेगातच जाणवतो.

वाफेच्या इंजिनाच्या कारागिरांना दुसरी गोष्टही ठाऊक होती. बॉयलर उघडा ठेवला तर उष्णता वाया जाते व माणसे भाजतात. म्हणून त्यांनी बॉयलरभोवती प्रथम लाकडी पट्ट्या, नमदा आणि पुढे अॅस्बेस्टॉस लावून वरून पत्रा चढविला. हेडर बसविणाऱ्याने हा दुसरा धडा विसरू नये.

उष्णता येते कोठून आणि जाते कशी

पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत नेण्याजोग्या कामात येतो, एक तृतीयांश पाण्यावाटे व इंजिनाच्या अंगावाटे जातो आणि उरलेला एक तृतीयांश सायलेन्सरच्या वाटेने निघतो. भाराखाली चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतो. जाड बिडाचा मॅनिफोल्ड आटोपशीर असतो, सावकाश तापतो आणि बहुधा त्यावर कारखान्यातूनच पत्र्याचे आवरण येते. हेडरच्या नळ्या पातळ असतात, त्यांचा एकूण पृष्ठभाग बराच मोठा असतो आणि आवरण नसते. त्यामुळे तीच उष्णता आता बॉनेटखाली सांडते.

शाळेत शिकविलेले उष्णतेचे तीन मार्ग येथे आठवावेत: वहन, अभिसरण आणि प्रारण. नळीला टेकलेली वस्तू वहनाने तापते. नळीभोवतीची हवा तापून वर जाते, ते अभिसरण. आणि नळीपासून दूर असलेली वायरही केवळ तिच्या समोर असल्यामुळे तापते, ते प्रारण. गॅरेजात फसगत होते ती या तिसऱ्या मार्गामुळे.

स्टीफन-बोल्ट्झमन नियम सांगतो की प्रारण हे केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. गंजलेल्या पोलादी नळीचा हिशेब मांडून पाहू. पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअस असेल, तर दर चौरस मीटरमागे सुमारे ५ किलोवॅट उष्णता बाहेर फेकली जाते. तोच पृष्ठभाग ५०० अंशांवर गेला, तर ती सुमारे १६ किलोवॅट होते. केल्विनमध्ये मोजले असता तापमान जेमतेम ३५ टक्क्यांनी वाढले, पण प्रारण तिपटीहून अधिक झाले. 'थोडेसेच जास्त तापते' हे वाक्य म्हणूनच फसवे आहे.

काय बिघडते

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या जुन्या पेट्रोल जीपला एका गॅरेजात हेडर बसविला गेला. पहिल्या आठवड्यात गाडी उत्तम पळाली. दुसऱ्या आठवड्यात मुंब्रा बायपासच्या कोंडीत बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईना, थंड झाल्यावर मात्र सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पत्नीस गाडीत बसताच पेट्रोलचा वास आला. बॉनेट उघडून पाहिले, तर हेडरपासून दोन बोटांवरून गेलेला रबरी पेट्रोल पाइप कडक होऊन तडकला होता. जीप वाचली ती केवळ त्या माउलीच्या नाकामुळे. त्या जीपवर अजून अडीच वर्षांचे हप्ते बाकी होते.

या तिन्ही घटनांना कारणे आहेत आणि ती समजून घेतली तर उपायही कळतात. गरम इंजिन सुरू न होण्याची कारणे दोन. पेट्रोल पाइपातच उकळून त्याची वाफ झाली की पंपाला द्रव मिळत नाही. शिवाय स्टार्टर मोटरचे तांबे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. मोटर ६० अंशांनी जास्त तापली तर रोध जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढतो आणि ती दमल्यासारखी फिरते. रबर सतत १०० अंशांपलीकडे राहिले की ठिसूळ होते, आणि साध्या वायरचे प्लॅस्टिक त्याआधीच मऊ पडू लागते. बॅटरीचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्म्यावर येते. गंमत अशी की ज्या ताकदीसाठी हेडर बसविला, तीही उष्णता खाऊन टाकते. इंजिनात शिरणारी हवा १० अंशांनी गरम झाली, तर तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. हेडरने दिलेले हवेच्या फिल्टरने परत घेतले, असा हा व्यवहार होतो.

उपायांचा क्रम

पहिला उपाय अंतराचा, आणि त्यास खर्च जवळजवळ नाही. पेट्रोल पाइप, ब्रेकचे पाइप, क्लच केबल आणि वायरिंग यांची वाट बदलून ती हेडरपासून शक्य तितकी दूर न्यावी व क्लिपांनी पक्की करावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११३ प्रमाणे एक्झॉस्ट पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. ही किमान मर्यादा आहे. उघड्या हेडरजवळ याच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा उपाय आडोशाचा. हेडर आणि नाजूक भाग यांमध्ये पत्र्याचे शील्ड लावावे. मधे एक साधा पातळ पत्रा उभा केला, तरी सैद्धांतिकदृष्ट्या प्रारण निम्म्यावर येते. चकचकीत अॅल्युमिनियमचा असेल तर त्याहून पुष्कळ कमी होते. मात्र पत्रा नळीला किंवा पाइपाला टेकता कामा नये, दोन्ही बाजूंस सेंटिमीटरभर तरी हवा खेळली पाहिजे. ज्या पाइपाची वाट बदलता येत नाही, त्यावर उष्णतारोधक बाही चढवावी.

तिसरा उपाय नळीवरच्या आवरणाचा. येथे घाई नको. काचतंतूची किंवा बसाल्टतंतूची पट्टी गुंडाळली की बॉनेटखालची उष्णता निश्चित कमी होते, परंतु ती उष्णता आता नळीच्या धातूतच कोंडते. साधे पोलाद साडेपाचशे अंशांच्या पुढे झपाट्याने पापुद्रे धरू लागते. त्यात आपला परिसर खाडीकाठचा. पावसाळ्यात दिव्यात पाणी साचते, दमट खारी हवा बाराही महिने असते. भिजलेली पट्टी ओलावा धरून ठेवते व आतल्या आत नळी गंजते. म्हणून पट्टी गुंडाळायचीच असेल, तर हेडर स्टेनलेस स्टीलचा असावा. आणखी एक धोका आहे. वरच्या गॅस्केटमधून तेल ठिबकत असेल, तर ते पट्टीत मुरते आणि पट्टी दिव्यातल्या वातीसारखी होते. आधी गळती बंद करावी, मगच पट्टीस हात लावावा. नळीवर सिरॅमिक लेप देणे महाग पडते, पण ओलावा धरण्याचा दोष त्यात नसतो.

चौथा उपाय हवेला वाट देण्याचा. रेडिएटर आणि पंखा स्वच्छ असावेत, खालचे पत्रे काढून फेकू नयेत. काही जण बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवतात. वेगात जाताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे त्या फटीतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी हवा उलट आतच शिरू शकते. फिल्टरला मात्र पुढच्या जाळीमागून थंड हवा नळीने आणून द्यावी.

पाचवा उपाय सवयीचा. चढ किंवा लांब पल्ला संपवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटे मंद गतीत चालू द्यावे. बंद केल्यावर पाणी व वारा दोन्ही थांबतात, आणि पुढची काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढते. हेडर बसविल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट थंड अवस्थेत पुन्हा आवळावेत. गॅस्केट फुंकत असेल तर 'फट-फट' आवाज येतो. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यास वास नसतो आणि तो गाडीतील माणसांपर्यंत पोहोचू शकतो. गाडीत पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे. बॉनेटखालून धूर दिसल्यास इंजिन बंद करून माणसे दूर न्यावीत. बॉनेट एकदम पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच आग भडकते.

कायदा आणि माणूस

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या रचनेहून वेगळे होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडरपायी तो काढला, तर प्रदूषण चाचणीत गाडी अडते आणि आग लागल्यास विमा कंपनीला हात वर करण्यास निमित्त मिळते. म्हणून रोजच्या पोटापाण्याच्या गाडीला हेडर बसवू नये, असेच आमचे मत आहे. आधीच बसविलेला असेल, त्याने प्रथम आर.टी.ओ.त चौकशी करावी आणि तोवर वरील उपाय टाळू नयेत.

शेवटचा मुद्दा गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या मुलांचा. जुन्या गाड्यांच्या सायलेन्सरवर किंवा गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. इंजिने आणि कारखान्यांचे बॉयलर ज्यांनी त्या तंतूंनी मढविले, त्या कामगारांच्या फुफ्फुसांनी त्याची किंमत मोजली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. असे जुने आवरण सुके खरवडू नये, हवेच्या पाइपाने उडवू नये. ओले करून, मास्क लावून काढावे. काचतंतूची नवी पट्टी गुंडाळतानाही हातमोजे व मास्क हवेत. पहिल्यांदा तापताना ती धूर सोडते, तेव्हा गाडी उघड्यावर उभी करावी.

हा पाठ वाचून एखाद्या माजी विद्यार्थ्याने आज संध्याकाळी थंड इंजिनाचे बॉनेट उघडावे, पेट्रोलचा पाइप हाताने वाकवून पाहावा आणि तो कडक लागला तर उद्याच बदलावा. शे-दोनशे रुपयांच्या त्या पाइपावर एका घराचे हप्ते, मुलांची फी आणि गाडीत बसणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.