वास येतो, तो मिथेनचा नव्हे!

कांजूरमार्ग-भांडुपकडे कचराभूमीचा वास कधी कधी नाकात शिरतो. पण तो मिथेनचा नव्हे! हवा न पोचणाऱ्या ओल्या कचऱ्यात जिवाणू बनवतात तो मिथेन वर्णहीन आणि गंधहीन. मग उपग्रहाला तो कसा कळतो?

सूर्यप्रकाश जमिनीवर आपटून परत जातो. या येण्याजाण्यात मिथेन सुमारे २.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषतो. ते किती घटले, यावरून वायूचे प्रमाण काढतात.

२०१७ साली सोडलेल्या ‘सेंटिनेल-५पी’वरील ‘ट्रोपोमी’ उपकरणाचा एक ठिपका कित्येक किलोमीटरांचा. त्यात अख्खे मुलुंड मावेल! म्हणून नेमकी जागा ‘जीएचजीसॅट’ उपग्रहांनी हेरली. २०२२ च्या अभ्यासात कांजूरमार्गचा अंदाज निघाला ताशी सुमारे ९.८ टन. पावसाळ्यात मात्र ढगांपुढे दोघांचेही काही चालत नाही.